बाईंच्या गौरविकेतून गाळलेली तीन पानं

माणसाचं आयुष्य गौरविकेत कसं बसवायचं हे मला चांगलं जमतं, आणि यात बढाई अजिबात नाही. पुण्यात सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीची गौरविका मी केली. ती नातेवाइकांत इतकी गाजली की पाठोपाठ मामेसासऱ्यांची केली, माझ्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिकांची केली आणि सोसायटीच्या चेअरमनचीसुद्धा केली. या चेअरमनशी पाण्याच्या टाकीवरून आमचं उभं वैर होतं. गौरविकेत ते ‘फणसासारखे वरून काटेरी, आतून गोड’ झाले. मामेसासरे सख्ख्या भावाशी वीस वर्षं बोलत नव्हते, त्यांना मी ‘कुटुंबवत्सल’ केलं. समारंभाला तो भाऊ पहिल्या रांगेत बसला, गौरविका चाळली आणि मसालेभात खाऊन गेला. आमच्यात यात कुणाला खोटेपणा वाटत नाही. पंच्याहत्तरीला कुणी कुणाची उणीदुणी काढत नाही, आणि काढायची गरजही नसते, कारण ती सगळ्यांना तोंडपाठ असतात.

ही माझी विद्या घेऊन मी सिंगापूरला आले, तेव्हा तिचा तिथे कुणाला काडीचा उपयोग नव्हता. दोन हजार पाच-सहाची गोष्ट. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मुलगी तिथल्या शाळेत, आणि मी सेम्बावांग भागातल्या अकराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या आधाराने मिळालेल्या परवान्यावर. एक वर्ष मी कपाटं आवरली. मग आवरायला कपाटं उरली नाहीत.

लायब्ररीच्या नोटीसबोर्डावर एक चिठ्ठी दिसली. अक्षर एवढं मोठं आणि वाकडं की आधी वाटलं एखाद्या पोराने लिहिली असावी. टायपिस्ट हवी, इंग्रजी चांगलं हवं, सहनशक्ती त्याहून चांगली हवी, असं लिहिलं होतं. खालचा पत्ता इंग्रजांच्या काळातल्या जुन्या काळ्या-पांढऱ्या बंगल्यांपैकी एकाचा होता. मोठमोठ्या झाडांखाली पसरलेले हे बंगले बसमधून जाताना दिसत, आणि आत कोण राहतं याची मला फार उत्सुकता होती. तिथे बहुतेक अमेरिकन माणसं राहत, जहाजांच्या कामावर आलेली.

चिठ्ठीवाल्या बाई जन्मभर नटी होत्या. चौऱ्याहत्तर संपायला आली होती. उंच, ताठ, पांढऱ्या केसांचा आखूड कट, आणि खाली उतरत नाही असा आवाज. दुसरे यजमान जहाजदुरुस्तीच्या कंपनीत होते, त्यांच्याहून बारा वर्षांनी लहान, आणि हे सांगताना बाईंच्या चेहऱ्यावर बक्षीस मिळाल्याचा आनंद असे. त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग गेला होता. कडेचं दिसे, समोरचं नाही. म्हणजे माझा चेहरा त्यांना कधीच दिसला नाही, कान तेवढे दिसले. तुझे कान सुंदर आहेत, असं त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या. आजवर माझ्या कानांचं कौतुक दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

त्यांनी मला नावाने हाक मार म्हणून सांगितलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला नावाने हाक मारायला माझी जीभ वळेना, म्हणून मी तिथल्या रीतीने ‘आँटी’ म्हणू लागले. हॉकर सेंटरच्या टपरीवर कॉफी ओतणाऱ्या बाईलाही तू आँटी म्हणतेस, मग माझ्यात विशेष काय, असं त्यांनी विचारलं. मनात मात्र त्या माझ्या ‘बाई’च राहिल्या.

काम असं होतं. बाईंनी आपलं आयुष्य कॅसेटवर बोलून ठेवलं होतं, अकरा कॅसेट. ते ऐकून मी टाइप करायचं, भाषा सरळ करायची आणि पुस्तकासारखं बांधून द्यायचं. माझ्या पासवर नोकरी करता येत नाही, तेव्हा पैसे नकोत, असं मी आधीच सांगितलं. मग त्यांच्या घरचा लिंबाचा पाय, म्हणजे लिंबाचं सारण भरलेली गोड पेस्ट्री, आणि आवारातले आंबे यांवर आमचा सौदा ठरला. पायमध्ये अंडं असतं, ते चालतं का, हे त्यांनी तीनदा विचारलं. मी तिन्ही वेळा हो म्हटलं आणि सासूबाईंना फोनवर त्यातलं काहीच सांगितलं नाही.

पुस्तक छापायचं नव्हतं. ते एकाच माणसासाठी होतं. बाईंची एकुलती एक लेक अमेरिकेत होती, पन्नाशीला टेकलेली, शाळेत गणित शिकवणारी. दोघींत भांडण नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. वाढदिवसाला आणि नव्या वर्षाला फोन येई आणि हवापाणी विचारून संपे. पंच्याहत्तरीला ती एक आठवडा येणार होती, सिंगापूरला पहिल्यांदाच.

“एक गोष्ट मी तिला चाळीस वर्षं तोंडावर सांगू शकले नाही,” बाई म्हणाल्या. “ती या टेपमध्ये आहे. तिने वाचावी आणि मग काय ते बोलावं. नाही बोलली तरी मला कळेल.”

मला वाचता येत नाही, तेव्हा तू लिहिशील ते मी विश्वासावर घेणार, असंही त्या म्हणाल्या. मी मान डोलावली. ती त्यांना दिसली नसणार, म्हणून मग तोंडाने हो म्हटलं.

त्यानंतरचे चार महिने माझ्या सिंगापूरमधल्या सगळ्यांत सुखाच्या दिवसांपैकी होते. मुलीची बस गेली की मी बंगल्यावर. व्हरांड्यात पंखा, मी इयरफोन लावून टाइप करतेय, बाई वेताच्या खुर्चीत बसून माझ्या बोटांचा आवाज ऐकतायत. बोटं थांबली की विचारत, कुठे अडलं? मग तो प्रसंग पुन्हा करून दाखवत, नुसता सांगत नसत.

त्यांचे वडील गावात धान्याचं दुकान चालवत. एकोणिसाव्या वर्षी मावशीची हॅट मागून घेऊन बाई बसने कॅलिफोर्नियाला गेल्या आणि ती हॅट परत कधी दिली नाही. पहिली दोन वर्षं दार उघडून ‘तो आलाय’ एवढंच म्हणण्यात गेली. हिरॉइनची मैत्रीण, हिरॉइनची बहीण, हिरॉइनच्या ऑफिसमधली मुलगी. मग घोडेस्वारांचे चित्रपट आले. असे सात चित्रपट केले, त्यांपैकी पाचांत बाई आपल्याकडच्या हिशेबाने मध्यंतराच्या आतच मेल्या. मरायचं कसं याचं त्यांचं शास्त्र होतं. पडताना आधी गुडघा टेकायचा, डोकं शेवटी, आणि डोळे उघडे ठेवायचे असतील तर आधी खूप मिचकावून घ्यायचे. हे सगळं त्यांनी मला व्हरांड्यातल्या चटईवर करून दाखवलं. मी धावत जाऊन उचलायला लागले तर म्हणाल्या, अजून मेले नाही, थांब.

पुढे टीव्ही आला आणि बाईंना नर्सचं काम मिळालं. इस्पितळाची मालिका, दर आठवड्याला, सहा वर्षं. डॉक्टर बदलत, पेशंट बदलत, बाई कायम. बाजारात लोक त्यांना थांबवून पाठीवरचा तीळ दाखवत. एका म्हाताऱ्याने तर औषधाची चिठ्ठीच पुढे केली. बाईंनी ती वाचून गंभीरपणे सांगितलं की जेवणानंतर घ्या. उतारवयात न्यायाधीशाची कामं आली, त्यात दोनच वाक्यं, हरकत मान्य आणि हरकत फेटाळली. शेवटची भूमिका सुपाच्या जाहिरातीतली आजी. पोस्टरवर नाव कधी आलं नाही. पण याबद्दल बाईंच्या तोंडून मी कुरकूर ऐकली नाही. सारखं काम मिळत राहिलं, ते आवडत राहिलं, आणखी काय पाहिजे, असं त्या म्हणत. मला त्यांचा हेवा वाटे, हे सरळ सांगते.

मी टाइप केलेलं त्यांना वाचून दाखवी आणि त्या खूश होत. भाषा त्यांच्याहून सुबक झाली होती, हे त्या मोकळेपणाने सांगत. माझा हात सुटत चालला होता. पहिल्या नवऱ्याचं पिणं मी एका वाक्यात आवरलं. एका दिग्दर्शकाला दिलेल्या शिव्या ‘मतभेद’ झाल्या. बाई हसल्या आणि चालेल म्हणाल्या.

मग नववी कॅसेट आली. ही मला वाचून दाखवू नकोस, एकदा बोलताना पुरे झालं, असं म्हणून बाई त्या दिवशी आत जाऊन बसल्या.

लेक नऊ वर्षांची असताना तिचं अपेंडिक्स फुटलं. ती आजीकडे होती, दुसऱ्या राज्यात, आणि बाई शूटिंगला. तीन दिवस पोरीचं काही खरं नव्हतं. बाई गेल्या त्या सहाव्या दिवशी. पोरीला सांगितलं की स्टुडिओने सोडलं नाही, मी रडले, पाया पडले, पण करारात अडकले होते. खरं म्हणजे निर्माता स्वतः म्हणाला होता, जा, तुझा सीन आपण दुसऱ्या नर्सला देऊ. तेच ऐकून बाई थांबल्या. सीन दुसरीला दिला आणि काही अडलं नाही, तर आपल्यावाचून चालतं हे सगळ्यांना कळेल, अशी भीती वाटली. म्हणून त्या तीन दिवसांत त्या एका परक्या मुलाच्या उशाशी बसून, त्याचा हात धरून, कॅमेऱ्यासमोर त्याला धीर देत होत्या.

मी टेप थांबवली आणि मला त्यांचा राग आला. मग कीव आली. मग माझ्यातली गौरविकावाली जागी झाली. चाळीस वर्षांनी कशाला हे? पोर एवढ्या लांबून येणार, एक आठवडा राहणार, केक कापणार, आणि त्यावर हे? झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपल्याकडे म्हणतात ते उगीच नाही. मी ती तीन पानं नीट टाइप केली, कारण काम अर्धवट सोडायची मला सवय नाही. मग ती पुस्तकातून काढून एका फोल्डरमध्ये ठेवली. त्या जागी एक वाक्य घातलं: काम आणि आईपण या दोन्ही जबाबदाऱ्या मी आनंदाने सांभाळल्या. वाक्य वाचून मला बरं वाटलं. आपण एका म्हातारीवर आणि तिच्या लेकीवर उपकार केले, असंच वाटलं.

मुखपृष्ठावर नर्सच्या टोपीतला फोटो, भोवती कमळांची वेलबुट्टी, आत जाड कागद. झेरॉक्सच्या दुकानातल्या काकांनी स्पायरल घालताना लग्नपत्रिका आहे का म्हणून विचारलं.

लेक आली. आईसारखीच उंच, पण खांदे पाडून चालणारी, कमी बोलणारी. वाढदिवसाला मी निरांजन, कुंकू, अक्षता घेऊन गेले आणि बाईंना ओवाळलं. लेकीने तबक धरलं आणि प्रत्येक गोष्ट कशासाठी ते नेमकं विचारलं, गणितातली पायरी विचारावी तसं. मग बाईंनी पुस्तक तिच्या हातात दिलं. लेकीने ते धरलं तरी बाईंची पकड सुटेना. त्या वेळी मी त्याचं कारण डोळे समजले.

दोन दिवसांनी मी गेले तेव्हा बाई एकट्याच होत्या. यजमान आणि लेक बोटीने पुलाउ उबीन बेटावर सायकली चालवायला गेले होते. लिंबाचा पाय तसाच झाकलेला होता.

“तिने वाचलं,” बाई म्हणाल्या. “सोमवारीच. छान आहे आई, म्हणाली. एवढंच.”

मी पायच्या बशीवरचं झाकण उगीच सारखं केलं.

“छान आहे म्हणजे काय ते मला कळतं. मी नटी आहे. तिला त्याच्याबद्दल बोलायचंच नाही. ठीक आहे, हेही उत्तरच आहे.” मग त्यांनी विषय बदलला आणि पावसाबद्दल बोलू लागल्या. त्यांचा तो आवाज पहिल्यांदा खाली उतरला होता.

 माझ्या गौरविकांमधलं जे मला कधी कळलं नव्हतं ते त्या व्हरांड्यात कळलं. आमच्याकडे वाचणाऱ्याला गाळलेलं सगळं आधीच माहीत असतं, म्हणून गाळलेलं चालतं. या लेकीला काहीच माहीत नव्हतं. तिला माहीत असलेली गोष्ट खोटी होती, आणि त्या खोट्याला मी जाड कागद आणि कमळं लावली होती.

घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, रविवारी ती जाईल, आता कशाला उकरतेस. तो माझ्यासारखाच विचार करत होता, आणि म्हणूनच मला तो चुकीचा वाटला. मुलगी गृहपाठ करत होती. तिने मान वर न करता निकाल दिला, “ममी, आँटीची स्टोरी आहे, तुझी नाही. असं कॅनॉट, लाह.” एरवी तिच्या त्या सिंगापुरी ‘लाह’वर मी चिडते. त्या दिवशी चिडायला तोंड नव्हतं.

शनिवारी सकाळी फोल्डर घेऊन गेले. लेकीची बॅग भरून दाराशी होती. ती आत होती, बाई व्हरांड्यात. मी उभ्या उभ्याच सांगितलं. काय काढलं, का काढलं, त्या जागी काय घातलं. ते वाक्य म्हणून दाखवायची मला फार लाज वाटली, पण म्हणून दाखवलं.

बाई खुर्चीत सरसावून बसल्या. मला वाटलं, आता हाकलतील. हाकललं असतं तर मी गेले असते.

“किती पानं?”

“तीन.”

“आणलीस?”

“हो.”

त्यांनी लेकीला हाक मारली, आपल्या शेजारची खुर्ची सोडून समोरच्या, त्यांना न दिसणाऱ्या खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणाल्या, वाच. मी म्हटलं, कागद लेकीच्याच हातात देते, त्या वाचतील.

“नाही. ती मनात वाचेल तर कुठपर्यंत पोचली ते मला कळणार नाही. तू मोठ्याने वाच.”

मग मी वाचलं. माझ्या पुणेरी इंग्रजीत, ‘मी’ म्हणत. माझी मुलगी आजारी होती. मला जाता येत होतं. मी गेले नाही. जे शब्द दुसऱ्याच्या पुस्तकात ठेवायचं माझ्याने झालं नव्हतं ते आता माझ्या तोंडून जात होते, आणि समोर एक पन्नाशीची बाई हात मांडीवर ठेवून ऐकत होती. पहिल्या पानाच्या शेवटी बाईंनी मला अडवलं. हळू, म्हणाल्या, संपवायची घाई झाल्यासारखी वाचतेयस. मी हळू वाचलं. परक्या मुलाचा हात धरल्याचं आलं तेव्हा मीच अडखळले. बाईंचा चेहरा मात्र हलला नाही. त्या लेकीच्या दिशेला कान लावून बसल्या होत्या.

मी कागद खाली ठेवले. लेकीने आधी मलाच विचारलं, हे का काढलंस? आमच्यात वाढदिवसाला फक्त चांगलं लिहितात, मी म्हटलं. तिने यावर विचार केला आणि म्हणाली की पुस्तक वाचून तिला आपण शोकसभेला आल्यासारखं वाटलं होतं. मग ती आईकडे वळली.

“तो सीन. चांगला झाला होता का?”

 टेपवर बाईंनी हे सांगितलं नव्हतं.

“माझ्या सगळ्या कामांत चांगला,” त्या म्हणाल्या. “त्यांनी कापला. एपिसोड लांब झाला होता.”

लेकीच्या घशातून एक विचित्र आवाज आला. बाई एकदम ताठ झाल्या आणि त्यांनी चाचपडत माझं मनगट पकडलं.

“काय करतेय ती? जसं आहे तसं सांग. सुधारून सांगू नकोस.”

“रडतायत,” मी म्हटलं. “आणि हसतायत. दोन्ही एकदम. आता उठून तुमच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या.”

बाईंनी माझं मनगट सोडलं आणि दुसऱ्या बाजूला हात पुढे केला, पण तो खुर्चीच्या दांड्यावर पडला. मी तो उचलून लेकीच्या हातात ठेवला आणि चहाचं पाणी ठेवायला आत गेले.